उचल कोणाच्या पायात? खान्देशातल्या सालदारकीची पार्श्वभूमी

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशातल्या शेतकरी घरात दोन विषय निघतात: लेक माहेरी कधी येणार, आणि यंदा सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावरचा शेतगडी, कोण. पहिल्याचं उत्तर सोपं असतं. दुसऱ्यासाठी हल्ली महिनाभर आधीपासून फोनाफोनी, निरोप, मध्यस्थ लागतात. बोलणी लाखाच्या पुढे जाते, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधी हातात पडावी लागते, आणि उचल घेऊन गडी पंधरा दिवसांत पसार झाल्याच्या तक्रारी दर उन्हाळ्यात ऐकू येतात. पन्नास वर्षांपूर्वी याच उचलीबद्दलची तक्रार नेमकी उलट होती. तेव्हा ती सालदार करत होता.

सौदा ठरतो कसा

मुहूर्त आखाजीचाच का, ते शेतीच्या वेळापत्रकात आहे. दादर (रब्बी ज्वारी), हरभरा, गहू घरात आलेला असतो, कापसाचे पैसे हाती असतात, पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) उपटून रान मोकळं झालेलं असतं आणि मृगाला अजून महिना-दीड महिना असतो. मालकाजवळ देण्यासारखं काही असतं, तर सालदाराला नेमकी तेव्हाच पैशाची गरज असते, कारण लग्नसराई सुरू असते. काही गावांत साल पाडव्याला बदलतं, पण खान्देशाचं रूढ साल आखाजी ते आखाजी.

हे साल तिथीचं असल्यामुळे त्याची लांबी ठरलेली नसते, आणि भांडणाची पहिली जागा तीच. २०२३ची आखाजी २२ एप्रिलला होती आणि २०२४ची १० मे रोजी. मधे अधिक श्रावण आल्याने ते साल ३८४ दिवसांचं झालं. पुढचं साल १० मे २०२४ ते ३० एप्रिल २०२५, म्हणजे ३५५ दिवसांचं. उदाहरणादाखल सालाचे १,२०,००० रुपये ठरले असं धरा. धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्याच्या, सालात दिवसाला ३१२ रुपये पडतात, एरवी ३३८. म्हणून जाणता सालदार बोलणीतच विचारून घेतो की धोंड्याचा महिना सालात धरला की वेगळा. जो विचारत नाही, तो एक महिना फुकट राबतो.

बोलणीत आणखी चार गोष्टी ठरतात: उचल किती, बाकी रक्कम महिन्याला की सणावारी, धान्य किती, आणि खाड्याचा, म्हणजे गैरहजेरीच्या दिवसांचा, हिशेब कसा. पूर्वी रोख कमी आणि धान्य जास्त असे. दादर किंवा ज्वारी, पोळ्याला नवे कपडे, पायताण, घोंगडी, कुठे सकाळची भाकर मालकाकडे. आता बहुतेक ठिकाणी मामला रोखीचा, पोळ्याचे कपडे मात्र टिकून आहेत. खाड्याचं गणित सगळ्यांत नाजूक. सालदार एक दिवस आला नाही तर सालाच्या हिशेबाने ३३८ रुपये कापायचे, की त्याच्या जागी आणलेल्या मजुराला दिलेला रोज कापायचा? वेचणीच्या किंवा फवारणीच्या दिवसांत मजुराचा रोज सालाच्या सरासरीपेक्षा बराच चढतो. मालक रोजाने कापतो, सालदार सालाने मोजतो, आणि आधी बोललेलं नसेल तर दोघेही आपल्या जागी बरोबर असतात.

आता उचलीकडे येऊ. वरच्याच सालात १० मे २०२४ला ५०,००० उचल दिली आणि पुढे दरमहा ५,००० दिले. दिवाळीला, म्हणजे १७५ दिवसांनी, सालदार काम सोडतो. त्याने मिळवले १७५ गुणिले ३३८, म्हणजे ५९,१५०. उचलले ७५,०००. अंगावर राहिले १५,८५०, त्यात खाडे धरलेलेच नाहीत. सगळी सालदारकी या १५,८५०भोवती फिरते. ही बाकी कोण, कशी आणि कोणत्या दबावाखाली फेडतो, यावर त्या त्या काळात सालदार हा नोकर होता की वेठीचा गडी, हे ठरत आलं आहे.

जमीन पडीक, हात थोडे

१८१८ साली इंग्रजांनी खान्देश घेतला तेव्हा मुलूख ओस पडला होता. होळकर-शिंद्यांच्या फौजा, पेंढारी आणि १८०३-०४चा दुष्काळ यांनी गावंच्या गावं उठली होती. जमीन मुबलक, कसणारे हात थोडे. अशा मुलखात माणूस धरून ठेवायला मजुरी पुरत नाही, आगाऊ काहीतरी द्यावं लागतं. सरकारनेही तेच केलं. १८२५ साली इंग्रज अधिकारी औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि पलटणीबाहेरच्या भिल्लांना बैल-नांगरासाठी तगाई (सरकारी कर्ज) देऊन जमिनीवर बसवण्याचं धोरण चालवलं. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल त्या काळात शेतकरी होऊ घातला होता. सालदार तो नंतर झाला.

उलटापालट झाली ती जमिनीला बाजारात किंमत आल्यावर. १८५२पासून खान्देशात जमिनीची मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा-रावेर-चोपडा भागात रयतेने तिला उघड विरोध केला आणि सरकारला फौज आणावी लागली. तरी मोजणी झाली. खातं नावावर लागलं, म्हणजे ते गहाण टाकता येऊ लागलं, विकता येऊ लागलं, दिवाणी दाव्यात जाऊ लागलं. पाठोपाठ अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ कापसाला कधी नव्हता असा भाव आला, आणि रेल्वे भुसावळपर्यंत पोचल्याने कापूस थेट मुंबईला जाऊ लागला. भाव चढते असताना कर्ज सहज मिळालं. भाव उतरले, कर्ज राहिलं. त्यावर १८९९-१९००चा छप्पन्या दुष्काळ. या चाळीस वर्षांत शहादा-तळोद्याच्या सपाटीवरच्या कितीतरी काळ्या जमिनी भिल्लांकडून सावकार आणि मोठ्या कास्तकारांकडे गेल्या. माणूस त्याच शेतात राहिला, फक्त खात्यावरचं नाव बदललं आणि तो तिथेच सालावर लागला.

बाहेर पडायच्या वाटा होत्या, पण मोजक्या. भुसावळचं रेल्वे यार्ड, जळगावची आणि पुढे अमळनेरची कापड गिरणी. त्या वाटेने गेले ते बहुतेक उचल अंगावर नसलेले. ज्याच्या अंगावर बाकी होती त्याला गाव सोडता येत नसे. दुसऱ्या मालकाने जुनी बाकी चुकवली तरच तो हलायचा, आणि ती बाकी नव्या मालकाच्या वहीत चढायची. मालक बदलला, कर्ज तेच.

कायद्याने दिलेला हात

डिसेंबर १९३६मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी कायद्याने मिळावी, असं कलम होतं. भोवतालच्या केळीच्या आणि कापसाच्या शिवारात सालदार राबत असताना ते मंजूर झालं, हे लक्षात ठेवण्यासारखं.

स्वातंत्र्यानंतर मात्र सालदारकी वाढायला कारण ठरला तो कुळकायदा, आणि याबद्दल फारसं बोललं जात नाही. १९४८च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्याच कायद्यात ‘जातीने कसणे’ याची व्याख्या आहे. स्वतःच्या किंवा घरच्या माणसाच्या देखरेखीखाली मजूर लावून केलेली शेती जातीनेच कसलेली धरली जाते. अट एवढीच, की मजुराला मोबदला रोख किंवा वस्तूत द्यायचा, पिकाचा वाटा द्यायचा नाही. पुढचं गणित मालकाला कोणी शिकवावं लागलं नाही. वाटेकरी ठेवला तर कूळ लागण्याचा धोका. सालदार ठेवला तर काहीच नाही. तोच माणूस, तीच जमीन, तेच काम, पण धान्य खळ्यावर वाटून घेतलं तर हक्क आणि ठरवून मापून दिलं तर नोकरी. कूळ म्हणून टिकू शकले असते असे कितीजण या फटीतून सालदार झाले, याची नोंद कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.

शहादा, १९७१ नंतर

मे १९७१मध्ये शहादा तालुक्यात पाटीलवाडीला दुष्काळाने टेकीला आलेल्या भिल्लांनी धान्य मागितलं आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. तालुक्यात आदिवासींची हलाखी आधीपासून होती; ती बाहेर दिसली यानंतर. अंबरसिंग सुरतवंती आधीपासून लोकांत काम करत होते. पुढे बाहेरून आलेले सर्वोदयी आणि डाव्या विचारांचे तरुण मिळाले आणि १९७२मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात ही पहिली मागणी. तिच्या बरोबरीने सालदारांचा मोबदला. मोठ्या कास्तकारांनी पिकांच्या राखणीसाठी सोसायट्या काढल्या होत्या. राखणीच्या नावाखाली आदिवासींना दंड आणि मारहाण होते, हा संघटनेचा मोठा आक्षेप होता. दारूविरोधात बायका उतरल्या तेही याच काळात. उचलीतला मोठा हिस्सा भट्टीवर जातो आणि बाकी घरावर राहते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

१९७२च्या दुष्काळाने आणखी एक गोष्ट केली. सरकारी कामं निघाली, पुढे रोजगार हमीचा कायदा झाला (१९७७), आणि खडी फोडून का होईना, गावच्या मालकाशिवाय दुसरीकडून मजुरी मिळू शकते, हे दिसलं. सालदाराच्या हातात घासाघीस करायला पहिल्यांदा काहीतरी आलं.

१९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा याच पार्श्वभूमीवर वाचायला हवा. उचल देणं-घेणं गुन्हा नाही. पण उचलीच्या बदल्यात माणसाने दुसरीकडे कामाला जायचं नाही, किंवा किमान वेतनापेक्षा कमी घ्यायचं, असं ठरलं की ती वेठबिगारी. अशी बाकी कायद्याने रद्द होते, लिहून घेतलेला करारही रद्द होतो, आणि मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीत करून घेतलेलं काम हेच सक्तीचं काम, असं सांगितलं. आज स्टॅम्प पेपरवर ‘उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाणार नाही’ असं लिहून घेणाऱ्या शेतकऱ्याला वाटतं आपण स्वतःला सुरक्षित केलं. प्रत्यक्षात तो आपल्याविरुद्धचा पुरावा आपल्याच हाताने तयार करतो. लिहायचंच असेल तर उचलीची तारीख आणि रक्कम, महिन्याचा हप्ता, खाड्याचा दर, धोंड्याचा महिना आणि सोडून गेल्यास हिशेब कसा करायचा, एवढं लिहावं. एक प्रत सालदाराकडे असावी.

जोडी गेली, मोटार आली

पूर्वी ढोबळ हिशेब एका बैलजोडीमागे एक सालदार असा असे. नांगरट, वखरणी, पेरणी, कोळपणी, गाडी, वैरण, शेण, सगळं त्या जोडीभोवती. ट्रॅक्टर आल्यावर जोड्या विकल्या गेल्या आणि सालदार लागायचा कमी व्हायला हवा होता. तसं झालं नाही, कामाचं रूप बदललं. आता तो मुख्यतः पाण्याचा माणूस. ठिबकच्या नळ्या, फिल्टर, खतं सोडणं, फवारणी, दूध, आणि थ्री-फेज रात्री असली तर रात्रीची मोटार. केळीत मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) दोन्ही असतील तर वर्षात मोकळा महिना उरतच नाही.

याच काळात गावातला तरुण सुरत, नाशिक, पुण्याकडे वळला. त्याची जागा रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात सातपुड्यापलीकडून, बडवानी-खरगोनकडून येणाऱ्या पावरा-बारेला कुटुंबांनी घेतली. करार नवऱ्याशी होतो, राहायला मळ्यातली खोली मिळते, आणि गोठा व निंदणीला बायकोचे हात न सांगता धरलेले असतात. काही ठिकाणी तिला निंदणीचा वेगळा रोज मिळतो, काही ठिकाणी ते ‘सालातच’. बोलणीत हा मुद्दा निघत नाही, कारण बोलणीला ती नसते.

मुलांच्या बाबतीत सालदारकी ऊसतोडीपेक्षा एका गोष्टीत बरी आहे. ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास, भर शाळेत, मुलांना घेऊन निघतो. सालदाराचं बिऱ्हाड आखाजीला, म्हणजे उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर हलतं. जूनमध्ये नव्या गावच्या शाळेत नाव घालता येतं, पूर्ण वर्ष मिळतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (२००९) वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वयानुरूप वर्गात बसवावं लागतं. अडतं ते दुसरीकडे. मळा गावापासून दोन-तीन किलोमीटर, घरची भाषा पावरी, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली बहीणच असते, कारण आई निंदणीला गेलेली. शिक्षकाने जूनच्या पहिल्या आठवड्यात मळ्यांवर चक्कर टाकली तर ही नावं पटावर येतात. पोळ्यानंतर टाकली तर मूल गुरांमागे लागलेलं असतं.

आणि एक फट अजून बुजलेली नाही. विजेचा धक्का, सर्पदंश, विहिरीत पडणं, फवारणीतली विषबाधा हे धोके सगळ्यांत जास्त सालदाराला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाखांचं सानुग्रह अनुदान मिळतं, पण ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. सातबारा मालकाचा, रात्री दोन वाजता स्टार्टर दाबायला गेलेल्या माणसाचं नाव त्यावर नसतं.