पेट्रोलचा काटा चुकतोय? नवं मीटर घेण्याआधी हे वाचा

अँबॅसिडर, मॉरिस, हेराल्ड, पद्मिनी आणि त्यांच्या वयाच्या गाड्यांच्या मालकांसाठी

"काटा बंदच आहे हो, मी टाकीत काठी घालून बघतो," असं सांगणारे मालक आमच्या गॅरेजमध्ये दर आठवड्याला येतात. काही जण नाना पेठेतून नवं मीटर किंवा टँक युनिट (टाकीवर बसणारा, पातळी मोजणारा भाग) आधीच घेऊन आलेले असतात. ते तसंच पिशवीत ठेवून परत पाठवायची वेळ आमच्यावर बरेचदा येते, कारण दोष तिथे नसतोच.

आधी मांडणी समजून घ्या. इग्निशन चालू केलं की फ्यूजमधून मीटरला वीज मिळते. मीटरमधून एक वायर मागे टाकीवरच्या युनिटकडे जाते. युनिटमध्ये तरंगणाऱ्या फ्लोटला जोडलेला हात तारेच्या गुंडाळीवरून सरकतो आणि पेट्रोलच्या पातळीप्रमाणे रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. तिथून वीज टाकीच्या पत्र्यातून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीत परतते. हा परतीचा रस्ता म्हणजे अर्थिंग. तो कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी तपासतही नाही.

मागे एक अँबॅसिडर आली होती. टाकी काढून, गंज घासून, जाड रंग मारून नवीकोरी केलेली. तेव्हापासून काटा मेला, आणि त्यानंतर दोन मीटर बदलून झाले होते. आम्ही मल्टीमीटरची एक पिन टाकीला, दुसरी बॉडीला लावली. दोघांत वीज जायचा रस्ताच दाखवेना. टाकीच्या पट्ट्यांखाली नवं रबर, बोल्टखाली रंग, त्यामुळे विजेच्या हिशेबाने टाकी बॉडीपासून पूर्ण तुटली होती. युनिटच्या स्क्रूखालून बॉडीपर्यंत हातभर काळी वायर टाकली, दोन्ही टोकांच्या जागचा रंग खरवडून लग (वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्या) घट्ट केले. काटा चढला. मालक आधी खूश झाले, मग दोन मीटरचे पैसे आठवून गप्प झाले.

इंडिकेटर दिला की काटा त्याच्या तालावर हलतो? मग मागच्या दिव्यांचं आणि टाकीचं अर्थिंग एकच आहे आणि ते कमजोर आहे, असं धरून चाला.

मीटर कुठल्या जातीचं, हे किल्ली फिरवल्यावर कळतं. काटा टुणकन उडाला तर आत दोन कॉइल आहेत. सावकाश, अर्धा मिनिट घेत चढला तर आत तापून वाकणारी पट्टी आहे. दोघांची वागणूक अगदी उलटी. टाकीकडची वायर सुटली तर ब्रिटिश घराण्याच्या जुन्या कॉइलवाल्या मीटरचा काटा 'फुल'वर जाऊन बसतो आणि पट्टीवाल्याचा 'रिकामी'वर. म्हणूनच टाकी कोरडी असताना 'फुल' दाखवणारी गाडी रस्त्यात बंद पडते आणि मालक कार्बोरेटर उघडून बसतो.

पट्टीवाल्या मीटरला 12 व्होल्ट थेट देत नाहीत. मागे स्टॅबिलायझर नावाची छोटी डबी असते, ती सरासरी 10 व्होल्ट पुरवते. जुन्या डबीवर मल्टीमीटर लावला तर आकडा खालीवर उड्या मारतो. घाबरू नका, ती चालू-बंद होतच काम करते. पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागले, तर ही डबी किंवा तिचं अर्थिंग गेलेलं असतं. हल्ली इलेक्ट्रॉनिक डबी बसवतात, ती चांगली चालते. मात्र 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो. तिथे चुकीची डबी लावली तर ती लगेच जळते.

मीटर आणि युनिट एकमेकांना जुळलं पाहिजे. स्मिथ्स कंपनीच्या पट्टीवाल्या मीटरच्या युनिटचा रोध रिकाम्या टाकीला साधारण 240 ते 250 ओहम आणि भरलेल्या टाकीला 20 ओहमच्या आसपास असतो. व्हीडीओ (VDO) कंपनीच्या नेहमीच्या युनिटमध्ये याच्या उलट, रिकामीला 10 आणि भरलेलीला 180. "बसतंय ना, मग चालेल" म्हणून दुसऱ्याचं युनिट घेतलं की काटा उलटा चालतो. दुकानात मल्टीमीटर न्या, फ्लोट हाताने वरखाली करा, आकडा न अडखळता बदलतो का बघा.

वायरच्या रंगांवर विसंबू नका. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या रीतीप्रमाणे मीटरची वीज हिरव्या वायरने येते आणि टाकीकडे हिरवी-काळी जाते. पण 40 वर्षांत किती हात लागलेत कोण सांगणार. पद्मिनीचं मूळ इटालियन फियाट 1100, तिथे हा हिशेब लागू नाही. नवी वायर ओढायची तर 1 चौरस मिलिमीटरची पुरते, प्रवाह अर्ध्या अँपिअरहूनही कमी असतो. डिक्कीत पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवाच.

काही गोष्टी घरी करू नका. टाकीच्या युनिटला बॅटरीची वायर थेट लावून बघू नका. आतली गुंडाळी जळते, आणि ती पेट्रोलच्या वाफेत असते. युनिट टाकीवर धरून ठेवणारी रिंग लोखंडी छिन्नीने ठोकू नका, आम्ही लाकडी ठोकळा वापरतो. पितळी फ्लोट कानाशी हलवल्यावर आत खळखळ वाजली तर त्याला भोक आहे. त्यात पेट्रोल असताना डाग द्यायला सोल्डर लावणं म्हणजे फटाका हातात धरणं. असा फ्लोट आम्ही बदलतोच. युनिट उघडलं की जुनं कॉर्कचं गॅस्केटही टाकून देतो, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्याला मानवत नाही.

गाडी सोडायला याल तेव्हा टाकीत चार-पाच लिटरच असू द्या. काम झाल्यावर आम्ही पाच-पाच लिटर ओतून काटा कुठे येतो ते काचेशेजारी टेपवर लिहून देतो. एक टाकी संपेपर्यंत ती टेप काढू नका, आणि तोवर डिक्कीतली काठीही फेकू नका.