मोठा चेनसॉ निवडताना आणि सांभाळताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“नव्वद सीसीमध्ये न बिघडणारे मशीन कोणते?” हा प्रश्न आमच्या काउंटरवर आठवड्यातून दोन-चार वेळा तरी येतो. विचारणारे बहुधा लाकूडतोडीचे ठेकेदार, वखारवाले किंवा जुन्या आंबा-फणसांचे बागायतदार असतात आणि चेनसॉ कसा चालवायचा हे त्यांना आमच्याइतकेच ठाऊक असते. त्यामुळे या पत्रकात प्राथमिक माहिती दिलेली नाही. प्रश्न यंत्राबद्दलचा असला तरी उत्तराचा मोठा भाग पेट्रोलच्या कॅनबद्दल आहे, याची मात्र वाचणाऱ्याने तयारी ठेवावी.

आधी यंत्रांविषयी. या वर्गात आपल्याकडे तुलना होते ती मुख्यतः स्टिल आणि हस्कवर्ना या दोन कंपन्यांची. स्टिलच्या एमएस ६६१ चे इंजिन ९१.१ सीसीचे, शक्ती ५.४ किलोवॉट आणि बार (चेन ज्याच्याभोवती फिरते ती पट्टी) व चेन सोडून वजन ७.४ किलो आहे. हस्कवर्नाच्या ३९५ एक्सपीचे हेच आकडे ९३.६ सीसी, ४.९ किलोवॉट आणि ७.९ किलो असे आहेत. त्याच्या वर एमएस ८८१ (१२१.६ सीसी) आणि ३१२० एक्सपी (११८.८ सीसी) ही दहा किलोच्या आसपासची यंत्रे येतात, ती प्रचंड बुंधे कापण्यासाठी आणि ओंडक्याच्या जागेवरच फळ्या काढण्यासाठी आहेत, आणि ज्याचे निम्मे काम फांद्या उतरवण्याचे आहे त्याला ती विकण्यास आम्ही सहसा नकार देतो. पैसे मोजून घेतलेले वजन दिवसभर हातात धरावे लागते, हे दुकानात लक्षात येत नाही.

टिकाऊपणाच्या दृष्टीने या आकड्यांतला फरक फारसा उपयोगी नाही. उपयोगी फरक आहे तो कार्बोरेटरचा. ६६१ मध्ये हवा-पेट्रोलचे प्रमाण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आपोआप जुळते, तर ३९५ मध्ये ते स्क्रूने हाताने जुळवावे लागते. पहिल्या प्रकारात चुकीचा स्क्रू फिरवण्याची सोयच नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तिथे दोष आला तर तपासणीचे उपकरण असलेल्या कार्यशाळेतच जावे लागते. दुसऱ्या प्रकारचे यंत्र जाणकार कारागीर कुठेही लावून देतो, आणि “जरा ताकद वाढवू” म्हणून स्क्रू पाव फेरा आवळणारा हौशी माणूस ते तितक्याच सहज जाळूनही टाकतो. ज्याच्याकडे एकच यंत्र तीन-चार मजुरांच्या हाती जाते, त्याला आम्ही पहिला प्रकार सुचवतो. ज्याचा चालक ठरलेला आणि सरावाचा आहे, त्याने दुसरा बिनदिक्कत घ्यावा. दोन्ही प्रकारची यंत्रे आमच्याकडे वर्षानुवर्षे केवळ चेन, बार आणि फिल्टर बदलून घेण्यासाठी येतात. डब्यावर मोठ्या सीसीचा आकडा छापलेल्या स्वस्त नकलांबद्दल एवढेच सांगतो की, सिलिंडर उघडून मोजल्यावर तो आकडा प्रत्येक वेळी जुळलेला नाही.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे पिस्टन पकडून, म्हणजे सिलिंडरमध्ये घासून अडकून, आलेल्या मोठ्या यंत्रांमध्ये कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे पेट्रोल आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगणतेल) यांचे मागच्या हंगामातले उरलेले मिश्रण. कोकणात तोडीचे काम मे महिन्यात आटोपते, यंत्र कोपऱ्यात जाते आणि शेजारी दीड-दोन लिटर मिश्रण असलेला कॅन सैल झाकणाने पडून राहतो. मग मृगाच्या वाऱ्यात रस्त्यावर झाड आडवे होते, रात्री फोन येतो आणि घाईत तोच कॅन उचलला जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा तर मार्चच्या टाळेबंदीपासून बंद असलेली यंत्रे थेट पडलेल्या झाडांवर चालवली गेली, आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या पायरीवर गोणपाटात गुंडाळलेल्या चेनसॉंची रांग लागली होती.

तेव्हा पेट्रोलमधले इथेनॉल आजच्यापेक्षा कमी होते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि त्यामुळे शिळ्या मिश्रणाचा धोका वाढला आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, तर टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. चेनसॉच्या टाकीत नळीच्या टोकाला जो वजनदार फिल्टर असतो तो नेमका तळाशी पडलेला असतो. म्हणजे इंजिनाला आधी मिळतो तो तेल नसलेला थर. या इंजिनात वंगणासाठी वेगळी टाकी नाही, पेट्रोलबरोबर येईल तेवढेच तेल पिस्टनला मिळते, आणि भार नसताना पूर्ण वेगात इंजिन मिनिटाला १२ ते १३ हजारांच्या आसपास फेरे घेते. हे टाळण्यासाठी कॅनमधले थोडे मिश्रण काचेच्या बरणीत ओतून दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळी रेघ दिसली तर ते यंत्रात घालू नये. तेल घातले होते की नाही अशी शंका असेल, तर एक थेंब वर्तमानपत्रावर टाकावा. पेट्रोल उडून गेल्यावर तेलकट डाग राहिला नाही, तर तेल घातलेलेच नाही. ही परीक्षा उघड्यावर आणि विडी विझवून करावी.

तेलाच्या प्रमाणाबाबतही अंदाज चालत नाही. स्टिलचे स्वतःचे टू-टी ऑइल वापरल्यास एका लिटरला २० मिली पुरते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचे दुसरे चांगले तेल वापरल्यास तीच कंपनी ४० मिली सांगते. हस्कवर्ना स्वतःच्या तेलासाठी २० मिलीच सांगते. “थोडे जास्त घातले तर काय बिघडते?” असे विचारले जाते. जास्त तेल घातले की तितके पेट्रोल कमी जाते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचते. मिश्रण ३० दिवसांच्या आत संपेल इतकेच करावे; म्हणूनच आम्ही १०० मिलीच्या बाटल्या ठेवतो, ज्यातली एक पाच लिटरला बरोबर लागते, आणि झाकण घट्ट बसणारा मापाच्या खुणांचा कॅनही ठेवतो. पिस्टन-सिलिंडरच्या नव्या संचाच्या तुलनेत या दोन्हींचा खर्च किरकोळ आहे.

आमच्या दोन पद्धतींवर काही ग्राहक नाराज होतात, त्यांचा खुलासा करणे योग्य ठरेल. पहिली, पकडलेले यंत्र आले की दर सांगण्याआधी आम्ही सायलेन्सर काढून पिस्टन पाहतो आणि त्या तपासणीचे पैसे घेतो. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होते किंवा कुठून तरी हवा शिरत होती. सगळीकडे असतील तर तेलच नव्हते. कार्बोरेटरच्या बाजूला झीज असेल तर एअर फिल्टरमधून भुसा आत गेला आहे. कारण न शोधता नवा पिस्टन बसवला, तर तोही महिन्याभरात तसाच परत येतो. दुसरी, दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक यंत्राची टाकी आम्ही रिकामी करतो आणि ते पेट्रोल परत देत नाही. “चांगले पेट्रोल फेकलेत” असे ऐकून घ्यावे लागते, पण दुरुस्त करून दिलेले यंत्र पुन्हा त्याच मिश्रणावर चालवून पाहण्याची आमची तयारी नाही.

चेनबद्दल थोडक्यात : कापताना भुशाऐवजी पीठ पडू लागले की दाते बोथट झाले असे समजावे आणि यंत्र दाबून न चालवता थांबून कानस मारावी. स्टिलच्या ३/८ इंची चेनला ५.२ मिमीची गोल कानस लागते. बोथट चेनवर इंजिन पूर्ण ताकदीने जास्त वेळ चालते आणि तापते. रस्त्याकडेच्या झाडांत खिळे असतात, त्याला कोणतीही कंपनी जबाबदार नाही.

मे महिन्यात, काम आटोपल्यावर, आम्ही हंगामबंद तपासणी करतो : टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवणे, फिल्टर व प्लग पाहणे, बार उलटवणे आणि चेनला धार लावणे. यंत्र सकाळी दिल्यास बहुधा संध्याकाळी मिळते. जूनमध्ये मात्र तसे आश्वासन देता येत नाही. यंत्र आणताना त्यासोबतचा पेट्रोलचा कॅनही, तो जसा असेल तसा, न धुता घेऊन यावा.