गिब्ली आणि डेटोना: कापलेल्या छपरांचा इतिहास

मासेराती या इटालियन कंपनीची गिब्ली ही स्पोर्ट्स गाडी नोव्हेंबर 1966 मध्ये इटलीतल्या तुरीनच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. फेरारीची 365 जीटीबी/4, म्हणजेच डेटोना, ऑक्टोबर 1968 मध्ये पॅरिसला आली. डेटोनाला 4.4 लिटरचं व्ही-12 इंजिन, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि वेग ताशी 280 किलोमीटरपर्यंत. गिब्लीला 4.7 लिटरचं व्ही-8, आणि मागे दोन्ही चाकं जोडणारा सलग ॲक्सल व ट्रकला असतात तसे स्प्रिंगचे पाटे. या पाट्यांवरून तिला आजही नाकं मुरडली जातात. पण इंजिनाचं तेल वेगळ्या टाकीत ठेवल्यामुळे इंजिन खाली बसवता आलं, आणि त्यामुळेच ते लांब, जवळजवळ सपाट बॉनेट शक्य झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. रूपात डेटोना तिच्या पासंगालाही पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. किमतीत मात्र गिब्ली कायम मागेच राहिली.

दोन्हींचं उत्पादन 1973 च्या सुमारास थांबलं. संग्राहकांचा खरा गुंता त्यानंतर सुरू झाला, आणि तो छपराचा आहे.

कारखान्यातून उघड्या छपराच्या, म्हणजे स्पायडर गाड्या फार थोड्या बाहेर पडल्या: डेटोनाच्या 122 आणि गिब्लीच्या सुमारे 125. बंद छपराच्या कूपे मात्र प्रत्येकी हजाराच्या वर होत्या. स्पायडरचा भाव कूपेच्या कितीतरी पट झाला, तसं कूपेचं छप्पर कापून स्पायडर करणाऱ्या कार्यशाळा निघाल्या. 1980 च्या दशकात तर हा धंदा जोरात होता. एका गाजलेल्या अमेरिकी मालिकेतली काळी डेटोना तर कापलेलीही नव्हती, ती एका अमेरिकी गाडीच्या सांगाड्यावर चढवलेली नक्कल होती. तरीही तिने मागणी वाढवली.

छप्पर गेलं की सांगाड्याचा ताठपणा कमी होतो. कारखान्याने आपल्या स्पायडरना आतून जादा मजबुती दिली होती. कापणाऱ्यांपैकी काहींनी ती दिली, काहींनी नाही. म्हणून जाणकार आधी दाराच्या फटी पाहतो: वरची आणि खालची फट सारखी नसेल, तर रंग कितीही चकचकीत असो, तो पुढचे प्रश्न विचारतो. नंबराच्या बाबतीत गिब्ली सरळ आहे, कारण कारखान्याच्या स्पायडरच्या चासी नंबरातच, म्हणजे सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकातच, ‘एस’ हे अक्षर येतं. डेटोनाच्या स्पायडरचे नंबर मात्र कूपेच्याच विषम आकड्यांच्या ओळीत मिसळलेले, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. कारखान्याची नोंद काढावीच लागते.

1990 च्या सुमारास बाजार कोसळला. पुढे भाव सावरले तेव्हा संग्राहकांची चव बदललेली होती: आता मूळ अवस्थेतली गाडी हवी होती. 2017 मध्ये जपानमधल्या एका कोठारात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली ॲल्युमिनियम बॉडीची डेटोना फेरारीच्या गावी, मारानेल्लोला झालेल्या लिलावात, धुळीसकट, सुमारे 18 लाख युरोंना गेली. मूळ कूपे इतकी वधारली की पूर्वी कापलेल्या काही गाड्यांवर पुन्हा छप्पर चढवण्यात आलं.

अशा गाडीला कूपे म्हणून विकावं की नाही, यावर आजही एकमत नाही. विकायला हरकत नाही, पण छप्पर कधी कापलं आणि कधी परत बसवलं, हे दोन्ही विक्रीच्या कागदावर आलंच पाहिजे.