मणक्याचं ऑपरेशन झालं, आता जगणं कसं असेल?

सर्जन बाहेर येऊन सांगतात, ऑपरेशन चांगलं झालं. नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "मग चालायला कधी लागेल?" अनेकदा सर्जनच्या बोलण्यात त्याचं उत्तर नसतंच, कारण ऑपरेशन मणक्याचं झालेलं असतं आणि चालणं अवलंबून असतं मज्जारज्जूवर.

अपघातात मणका मोडला किंवा सरकला की त्याच्या आतून जाणारा मज्जारज्जू चेपला जातो. शस्त्रक्रियेत हा दाब काढतात आणि स्क्रू व रॉड बसवून कणा स्थिर करतात. तुटलेले चेतातंतू मात्र कोणालाच जोडता येत नाहीत. हातापायांतल्या नसा काही प्रमाणात पुन्हा वाढतात, मज्जारज्जूतले तंतू जवळपास नाहीतच. तरीही ऑपरेशन लवकर होणं मोलाचं आहे. मानेच्या इजांवरचा एक मोठा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. इजेची तीव्रता 'ए' (सर्वांत गंभीर) ते 'ई' (सर्व काही शाबूत) अशा श्रेणींत मोजतात. ज्यांचा दाब 24 तासांच्या आत काढला, त्यांच्यापैकी सुमारे 20 टक्के लोक सहा महिन्यांत किमान दोन श्रेणी वर आले. उशिरा ऑपरेशन झालेल्यांमध्ये हे प्रमाण 9 टक्क्यांच्या आसपास होतं.

म्हणजे लवकर ऑपरेशन होऊनही बहुतेकांच्या शरीरात काही ना काही उणीव राहतेच. पुढचं आयुष्य कसं जाईल, हे मग ज्या गोष्टींवर ठरतं त्यांबद्दल वॉर्डात फार कमी बोललं जातं.

सगळ्यात आधी लघवी. मूत्राशय भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचत नाही आणि ते रिकामं करण्याचा हुकूमही खाली येत नाही. लघवी साठून राहते, जंतुसंसर्ग होतो, पुढे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पूर्वी असे रुग्ण याच कारणाने किंवा पाठीवरच्या शय्याव्रणांनी (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांनी) दगावायचे. डॉ. लुडविग गटमन यांनी 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात दर दोन तासांनी कूस बदलणं आणि मूत्राशयाची काटेकोर निगा हे नियम लावले, आणि ज्यांची आशा सोडलेली असायची ते जगू लागले. (पॅरालिम्पिकची सुरुवातही तिथलीच.) 1972 पासून आणखी एक साधी पद्धत रुजली: दिवसातून काही वेळा स्वतःच स्वच्छ कॅथेटर (बारीक नळी) घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि ती नळी काढून टाकायची. कायमची नळी आणि पिशवी यांतून त्यामुळे सुटका होते. माणूस घराबाहेर पडू शकतो, कामावर जाऊ शकतो. मला हे कुठल्याही रोबोटिक पायांपेक्षा मोठं वाटतं.

छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर इजा असेल, तर घरच्यांना एक धोका माहीत हवाच. नुसतं मूत्राशय तुंबलं किंवा शौचाला खडा झाला, तरी रक्तदाब एकदम भडकू शकतो. डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब उठवून बसवायचं, अंगावरचे घट्ट कपडे सैल करायचे, नळी कुठे अडकली आहे का ते पाहायचं. तेवढ्याने उतरलं नाही तर थेट इस्पितळ.

लोकांना स्वतःला काय हवं असतं? 2004 साली अमेरिकेत 681 जणांना हेच विचारलं गेलं. चारही अवयव लुळे पडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी हातांचं काम परत मिळणं सर्वांत महत्त्वाचं मानलं. फक्त पाय गेलेल्यांमध्ये सर्वाधिक लोकांनी पहिली पसंती दिली लैंगिक क्षमतेला. चालणं दोन्ही गटांत पहिलं आलं नाही.

बाहेरून पाहणाऱ्यांचा अंदाज किती चुकतो, हे 1994 च्या एका पाहणीत दिसतं. अशी इजा झाली तर जिवंत राहिल्याचा आनंद वाटेल, असं तातडीच्या सेवेतल्या फक्त 18 टक्के कर्मचाऱ्यांनी म्हटलं. मानेच्या इजेसह जगणाऱ्यांपैकी 92 टक्के लोक म्हणाले की आपण जिवंत आहोत याचा त्यांना आनंद आहे. दुःख नसतं असं मुळीच नाही. नैराश्य, जळजळणाऱ्या वेदना, स्नायूंचे आचके हे अनेकांच्या वाट्याला येतं आणि त्यावर उपचार मागायलाच हवेत.

हातांबद्दल एक गोष्ट मात्र फार उशिरा कळते. मानेच्या इजेनंतर जे स्नायू शाबूत असतात त्यातल्या एखाद्याचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग) हलवून कोपर सरळ करण्याची ताकद किंवा चिमटीची पकड मिळवून देता येते. कंडऱ्याची ही शस्त्रक्रिया इजेला बरीच वर्षं उलटल्यावरही होऊ शकते. हातातली शाबूत नस निकामी नसेला जोडण्याची शस्त्रक्रिया मात्र बऱ्याचदा पहिल्या काही महिन्यांतच करावी लागते. म्हणून मानेला इजा असेल तर हाताच्या सर्जनचं मत घरी सोडण्याआधीच मागून घ्यावं.