कार-टी सेल उपचार: पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणीचा क्रम

केमोथेरपीला दाद न देणाऱ्या ल्युकेमियासाठी (रक्ताच्या कर्करोगासाठी) नेक्सकार१९ या पहिल्या भारतीय बनावटीच्या कार-टी सेल उपचाराला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता दिली. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल केंद्र आणि इम्युनोॲक्ट कंपनी यांनी तो विकसित केला आहे. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) काढून, कर्करोगाच्या पेशींवरील सीडी१९ हे प्रथिन ओळखता येईल असा बदल प्रयोगशाळेत त्यांच्यात केला जातो आणि त्या सलाइनवाटे परत दिल्या जातात.

रुग्णाचे वय किमान १५ वर्षे असावे आणि आजार बी-पेशींचा (पांढऱ्या रक्तपेशींच्या एका प्रकाराचा), उपचारांनी आटोक्यात न आलेला किंवा पुन्हा उलटलेला असावा. मायलॉइड (पांढऱ्या पेशींच्या वेगळ्या गटातील) किंवा टी-पेशींच्या ल्युकेमियाला हा उपचार लागू नाही. ब्लिनाटुमोमॅब हे औषध आधी दिलेले असल्यास सीडी१९ची तपासणी त्यानंतरचीच हवी, कारण ते औषधही याच प्रथिनाला लक्ष्य करते आणि काही रुग्णांच्या पेशींवरून ते प्रथिन नाहीसे झालेले असते.

उपचार देणाऱ्या रुग्णालयाच्या रक्तविकार विभागात नोंदणी करताना आधार कार्ड, सर्व डिस्चार्ज समरी, केमोची औषधे, मात्रा आणि तारखा, बोन मॅरो (अस्थिमज्जा) व फ्लो सायटोमेट्रीचे (पेशींवरील प्रथिने ओळखणाऱ्या चाचणीचे) ताजे रिपोर्ट, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि एचआयव्ही व हिपॅटायटिसचे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्यावेत. मोबाइलवरचे अर्धवट फोटो कामाचे नसतात.

खरा घोळ होतो तो तारखांचा. स्टेरॉइड आणि काही केमो औषधांनी टी-पेशी घटतात, त्यामुळे या औषधांची शेवटची मात्रा आणि पेशी काढणे यांत ठरावीक अंतर ठेवावे लागते. म्हणून केमोचे पुढचे चक्र सुरू करण्याआधीच आपल्या डॉक्टरांना कार-टी केंद्राशी बोलण्याची विनंती करावी, मात्र स्वतःच्या मनाने औषध थांबवू नये. पेशी तयार होण्यास काही आठवडे लागतात आणि तोवर आजार आवरून धरण्यापुरती केमो दिली जाते. पेशी दिल्यानंतर तीव्र ताप, रक्तदाब उतरणे किंवा बोलण्यात गोंधळ होऊ शकतो. त्यामुळे साधारण महिनाभर नातेवाइकासह रुग्णालयाजवळच राहावे लागते.

खर्च ३० लाखांच्या पुढे जाऊ शकतो. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी रुग्णाची दोन छायाचित्रे, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचे आजार व अंदाजित खर्च नमूद केलेले मूळ पत्र जोडावे. रुग्णालय सरकारी किंवा निधीच्या यादीतील हवे. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना सरकारी रुग्णालयातील उपचारांसाठी राष्ट्रीय आरोग्य निधीतून कमाल १५ लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. दोन्हीकडे रक्कम थेट रुग्णालयाला जाते आणि आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे खर्चाचे पत्र पहिल्याच भेटीत मागून घ्यावे आणि विमा असल्यास कंपनीची पूर्वमंजुरी लेखी घ्यावी.