हयातीचा दाखला मोबाइलवरून: प्रमाण आयडी आला म्हणजे दाखला पोचला असं नाही

डिसेंबर सरत आला की बँकेच्या काउंटरवर तेच संभाषण ऐकू येतं. ‘पेन्शन जमा झाली नाही.’ ‘दाखला दिला नाहीत.’ ‘दिलाय हो, हा बघा मेसेज.’ मेसेज खराच असतो, त्यात प्रमाण आयडी, म्हणजे तयार झालेल्या दाखल्याचा क्रमांकही असतो. पण तो दाखला तयार झाल्याचा मेसेज असतो, पेन्शन देणाऱ्या यंत्रणेनं तो स्वीकारल्याचा नसतो. या दोन्हींतला फरक जीवन प्रमाण ॲप कुठेच ठळकपणे सांगत नाही, आणि नोव्हेंबरात ‘झालं एकदाचं’ म्हणून फोन खिशात टाकलेली माणसं डिसेंबरात रांगेत दिसतात.

जीवन प्रमाण ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली, म्हणजे ‘डिजिटल इंडिया’ कार्यक्रमाच्याही काही महिने आधी. हयात असल्याचं सांगायला दरवर्षी बँकेत जायला लागू नये हा हेतू. आधी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळं लागायची. म्हाताऱ्या माणसांचे ठसे झिजलेले असतात, मशीन ते वाचत नाही आणि माणूस शरमिंदा होतो. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवता येते आणि साधा अँड्रॉइड फोन त्याला पुरतो.

कोणाला चालतो

केंद्र सरकार, संरक्षण दल, ईपीएफओची (भविष्य निर्वाह निधी संघटनेची) ईपीएस-९५ ही पेन्शन योजना आणि या व्यवस्थेत सामील झालेली राज्य सरकारं व संस्था यांच्या पेन्शनरांना. महाराष्ट्र शासनाचे पेन्शनरही त्यात येतात. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनाही चालतो.

पण निवृत्तीनंतर पुन्हा नोकरीला लागलेल्यांना आणि पुनर्विवाह केलेल्यांना डिजिटल दाखला चालत नाही. त्यांनी कागदी दाखलाच द्यायचा. ॲप हे दोन प्रश्न विचारतं आणि भरून देणारा नातू न वाचता पुढे जातो. तिथे चुकून ‘होय’ दाबलं गेलं तर अडकलात. खरं उत्तर ‘होय’ असताना ‘नाही’ दाबलं तर तो खोटा जबाब होतो, हेही लक्षात असू द्या.

काय लागतं

आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, पेन्शन जमा होते त्या खात्याचा क्रमांक, ओटीपीसाठी मोबाइल. ही यादी सगळीकडे छापलेली असते. सहसा नजरेतून सुटणारी अट अशी, की तुमचा आधार पेन्शन देणाऱ्या बँकेकडे किंवा कार्यालयाकडे आधीच नोंदवलेला असावा लागतो. तो नसेल तर दाखला तयार होईल, पण पलीकडे जुळणार नाही. ऑक्टोबरातच बँकेत जाऊन विचारून घ्या. ‘केवायसी झालंय’ एवढ्यावर समाधान मानू नका, ‘पेन्शन खात्याला आधार जोडलाय का’ असंच विचारा.

पीपीओचा मूळ कागद बऱ्याच घरांत सापडत नाही. पासबुकाच्या पहिल्या पानावर किंवा पेन्शनच्या पावतीवर क्रमांक बहुधा असतो. मधले तिरपे दांडे, सुरुवातीची शून्यं आहेत तशीच उतरवा. एका काकूंचा दाखला दोनदा फेटाळला गेला तो एका शून्यापायी. लेकानं ते ‘ओ’ समजून टाइप केलं होतं.

ज्यांना दोन पेन्शनी आहेत, म्हणजे स्वतःची नोकरीची आणि नवऱ्यामागची कुटुंब निवृत्तिवेतनाची, त्यांनी प्रत्येक पीपीओसाठी वेगळा दाखला काढायचा. एकच काढून दुसरी पेन्शन थांबलेल्या बायका मी दरवर्षी पाहते. पेन्शनचा प्रकार निवडतानाही सांभाळा, कुटुंब निवृत्तिवेतनाला ‘सेवा’ निवडू नका.

जास्तीत जास्त दाखले इथे मार खातात

पेन्शन मंजूर करणारं आणि पेन्शन देणारं, असे दोन रकाने असतात. दुसऱ्या रकान्यात लोक बिनदिक्कत आपली बँक टाकतात, कारण पैसे तिथूनच निघतात. पण राज्य सरकारच्या पेन्शनरांची पेन्शन कोषागारातून येते, बँक फक्त खात्यात जमा करते. माजी सैनिकांपैकी जे ‘स्पर्श’ या संरक्षण दलांच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेलेत, त्यांनीही बँक नव्हे, ‘स्पर्श’च निवडायचं. चुकीचं नाव निवडलं तरी ॲप अडवत नाही. दाखला भलत्याच दारात जाऊन पडतो आणि तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. हे ॲपनंच का तपासू नये, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

चेहरा कोणाचा, कधी

दोन ॲप लागतात, जीवन प्रमाण आणि चेहरा ओळखणारं आधार फेस आरडी. दुसऱ्याचं चिन्ह उघडायचं नसतं, पहिलं ॲप त्याला स्वतःच बोलावतं. आधी ऑपरेटरची नोंदणी होते. ऑपरेटर म्हणजे फोन चालवणारा. तो मुलगा असेल तर इथे मुलाचा आधार आणि मुलाचा चेहरा. पेन्शनर स्वतःच फोन चालवणार असतील तर दोन्हीकडे तेच. त्यानंतर पेन्शनरची माहिती आणि पेन्शनरचा चेहरा. घाईत ही अदलाबदल होते, आणि मग आधार क्रमांक वडिलांचा नि चेहरा मुलाचा.

चेहरा घेताना उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा पडतो. भिंत साधी असावी. ॲप डोळे मिटून उघडायला सांगतं, तर आजी मोबाइलकडे टक लावून बसतात, कारण फोटो काढताना हलायचं नाही असं त्यांना आयुष्यभर सांगितलेलं असतं. ‘आजी, पापणी लववा’ म्हटलं की दोन सेकंदांत होतं.

सगळं बरोबर असून ओळख पटतच नसेल, तर आधारचं बायोमेट्रिक लॉक आहे का ते बघा. सुरक्षिततेसाठी कोणीतरी कधीतरी लावून ठेवलेलं असतं आणि विसरलेलं असतं. एमआधार ॲपमधून ते उघडता येतं, पण त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा.

मुदत

केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठी १ ते ३० नोव्हेंबर. ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. याचा अर्थ त्यांची मुदत ऑक्टोबरात संपते असा नाही, त्यांनाही ३० नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे.

ईपीएस-९५ वाल्यांना नोव्हेंबरशी देणंघेणं नाही. दाखला दिल्यापासून एक वर्ष चालतो. मागच्या वेळी मार्चमध्ये दिला असेल तर पुढचा मार्चच्या आत द्या. शेजारचे नोव्हेंबरात देतात म्हणून थांबलात तर मधले महिने पेन्शन बंद. दाखला पोचल्यावर थकबाकी मिळते, पण तोवर औषधाचं बिल थांबत नाही.

दिल्यानंतर

प्रमाण आयडी लिहून ठेवा. जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर तो टाकून दाखला उतरवून घेता येतो. मग आठवड्याभरानं बँकेत किंवा कोषागारात विचारा, ‘माझा दाखला तुमच्याकडे दिसतोय का?’ नाकारला गेला असेल तर तोच दुरुस्त होत नाही, बरोबर माहितीनिशी नवा काढावा लागतो. म्हणून २९ नोव्हेंबरची वाट बघू नका.

घरात फोन चालवणारं कोणी नसेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत दाखला काढून देतो, जवळच्या पोस्टात सांगून ठेवायचं. मात्र ‘तुमचा दाखला फोनवरच करून देतो, ओटीपी सांगा’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. समोरच्यानं तुमचा पीपीओ क्रमांक अचूक सांगितला तरीही. हयातीचा दाखला फोनवर बोलून निघत नाही.

आणि कागदी दाखला अजून बंद झालेला नाही. काउंटरवर ‘आता फक्त ऑनलाइन’ म्हणाले तर शांतपणे फॉर्म मागा, भरा आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.