वाल्याच्या बायकोनं नाकारलेला वाटा

वाल्या कोळ्याची गोष्ट बडोद्यात दोन भाषांत ऐकायला मिळते. दांडिया बाजारातल्या मराठी घरात तो वाल्या असतो, शेजारच्या गुजराती घरात ‘वालियो लूंटारो’. माझ्या ऑफिसात फतेगंजकडचा एक ख्रिस्ती सहकारी आहे, मातृभाषा गुजराती. डब्याच्या वेळी ही गोष्ट निघाली. ‘तुमचं पाप तुमच्यापाशी, आम्ही वाटेकरी नाही’ असं वाल्याची बायकापोरं सांगतात, तिथं तो हसला. ‘अमारे त्यां तो छोकरां भागीदार छे ज,’ म्हणाला. पाप आदामाचं, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाचं, आणि वाटा सगळ्यांना. यालाच ख्रिस्ती लोक ‘मूळ पाप’ म्हणतात.

हा वाटा कधी, कसा ठरला ते शोधायला गेलं की पहिला धक्का बायबलच देतं. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आदाम, हव्वा, सर्प आणि मना केलेलं फळ आहे. ‘पाप’ हा शब्द मात्र नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, आदामाचा मुलगा काइन भावाचा खून करण्याच्या बेतात असताना: पाप दाराशी टपून बसलं आहे, असं देव त्याला बजावतो. तिसऱ्या अध्यायात सैतानही नाही. सर्प हा देवानंच केलेल्या प्राण्यांपैकी एक, सगळ्यांत धूर्त, इतकंच. सफरचंदही नाही, फळाचं नावच दिलेलं नाही. लॅटिनमध्ये ‘मालुम’ म्हणजे वाईट आणि ‘मालुम’ म्हणजेच सफरचंद, त्या श्लेषाचा या फळाच्या बारशात हात असावा असं मानतात.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे एदेन बागेची ही कथा पुढच्या हिब्रू ग्रंथांत जवळजवळ उल्लेखलीच जात नाही. उलट इ. स. पूर्व सहाव्या शतकात, यहुदी बाबिलोनच्या बंदिवासात असताना, त्यांचा यहेज्केल संदेष्टा एका चालू म्हणीवर चिडलेला दिसतो. म्हण अशी: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. ही म्हण बंद करा, तो म्हणतो. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. वाल्याच्या बायकोनं वेगळं काय सांगितलं होतं?

मग वाटा आला कुठून? दुःखातून, असं माझं मत. बंदिवासानंतरच्या शतकांत एकामागून एक परकी राज्यं आली, आणि माणसाच्या चुकांनी एवढं वाईट घडेल हे लोकांना पटेना. हनोखाच्या नावावरच्या ग्रंथात दोष जातो स्वर्गातून उतरून माणसांच्या मुलींशी लग्नं करणाऱ्या दूतांवर. आदाम तिथं मुख्य आरोपी नाही. ‘शलमोनाचे ज्ञान’ या ग्रंथात सैतानाच्या मत्सरामुळे मरण जगात आलं, असं एक वाक्य येतं. इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडल्यावर लिहिलेल्या एका ग्रंथात आक्रोश आहे: आदामा, तू हे काय केलंस? त्याच सुमाराचा बारूखाच्या नावावरचा दुसरा ग्रंथ उत्तर दिल्यासारखं म्हणतो की आपण प्रत्येकजण स्वतःचाच आदाम आहोत. म्हणजे ख्रिस्ती धर्म उभा राहत होता तेव्हा हा वाद यहुद्यांत उघडाच होता.

एदेनचा सर्प म्हणजेच सैतान, ही ओळख नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागात, शेवटच्या पुस्तकातून, प्रकटीकरणातून, पक्की होते. गर्वानं पडलेला लूसिफर तर आणखी नंतरचा. यशयाच्या पुस्तकात बाबिलोनच्या राजाला ‘आकाशातून पडलेला पहाटतारा’ म्हणून हिणवलं आहे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनसारख्या ख्रिस्ती पंडितांनी ते सैतानाला लावलं आणि पहाटताऱ्याचा लॅटिन शब्द, लूसिफर, त्याचं नाव होऊन बसला.

ख्रिस्ती विचारात आदामाला मध्यभागी आणलं पौलानं, येशूच्या सुरुवातीच्या प्रचारकानं. इ. स. ५७च्या आसपास रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, एका माणसाच्या द्वारे पाप जगात आलं आणि पापाच्या द्वारे मरण. पण त्याचा सगळा रोख ख्रिस्ताकडे होता. एकामुळे सगळे बुडाले तर एकामुळे सगळे तरूही शकतात, हे सांगायला त्याला आदाम हवा होता. पाप बापाकडून मुलाकडे नेमकं कसं जातं, हे त्यानं सांगितलेलं नाही.

दुसऱ्या शतकात वेगळंच संकट आलं. हे जग घडवणाराच हलक्या दर्जाचा देव आहे आणि वाईट त्याच्यापासूनच आलं, असं ज्ञानवादी पंथ म्हणू लागले. त्यांना उत्तर देताना इरेनियस या बिशपनं आदाम-हव्वेला जवळजवळ लहान मुलं ठरवलं: घडवलेली, पण अजून वाढायची. हे मला फार माणुसकीचं वाटतं. मात्र पश्चिमेकडच्या चर्चनं पुढे दुसऱ्याच माणसाचं ऐकलं.

तो म्हणजे आजच्या अल्जीरियातला ऑगस्टीन (३५४–४३०). तरुणपणी सुमारे नऊ वर्षं तो इराणच्या मानीच्या पंथात होता; प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी राज्यं, जग म्हणजे त्यांची लढाई, अशी ती शिकवण. तिथून बाहेर पडल्यावर त्याच्यापुढं कोडं उभं राहिलं. वाईट देवानं केलं म्हणावं तर देव वाईट ठरतो. त्याला स्वतंत्र मूळ आहे म्हणावं तर पुन्हा मानीचे दोन देव. यातून त्यानं काढलेली वाट अशी की वाईट ही वस्तूच नाही, ती चांगल्याची उणीव आहे. वस्तू सगळ्या चांगल्याच. वाकडी होते ती इच्छा. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर चोरलेल्या नासपतींवर त्यानं पानंच्या पानं लिहिली आहेत. भूक नव्हती, फळं धड नव्हती, डुकरांपुढं टाकली. मग चोरली का? तर चोरण्यातच गोडी होती म्हणून. पसायदानात ज्ञानेश्वर खळांचा नाश मागत नाहीत, त्यांची ‘व्यंकटी’, म्हणजे वाकडेपण, सांडो म्हणतात. ऑगस्टीनला हा शब्द आवडला असता.

वारशाचा मुद्दा मात्र भांडणात टोकाला गेला. ब्रिटनहून रोमला आलेला पेलागियस नावाचा विरक्त म्हणत होता की देव अशक्य आज्ञा देत नाही. माणूस ठरवलं तर पापावाचून राहू शकतो, आदामानं फक्त वाईट उदाहरण घालून दिलं. ऑगस्टीनचा सवाल होता, मग तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं पाप धुण्याचा संस्कार, आपण कशासाठी करतो? पौलाच्या त्या ओळीचा शेवट मूळ ग्रीकमध्ये, आजचे बहुतेक अभ्यासक लावतात त्याप्रमाणे, ‘कारण सगळ्यांनी पाप केलं’ असा आहे. ऑगस्टीनपुढच्या लॅटिन भाषांतरात तो ‘ज्याच्यात सगळ्यांनी पाप केलं’ असा झाला होता. एका शब्दात सगळी मानवजात आदामाच्या पोटात जाऊन बसली. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनं पेलागियसचं मत फेटाळलं. ग्रीक वाचणारी पूर्वेकडची चर्चं त्या वाटेनं गेली नाहीत. मरण आणि दुबळेपणा वारशानं येतो, अपराध नाही, असंच ती आजही म्हणतात.

पुढचं थोडक्यात. ल्यूथर आणि कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकांनी माणसाचं बिघडलेपण अधिक गडद रंगवलं. १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक चर्चनं स्पष्ट केलं की आदामाचं पाप अनुकरणानं नव्हे तर वंशपरंपरेनं येतं आणि बाप्तिस्म्यानं धुतलं जातं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांचं काय, हा काटा मात्र शतकानुशतकं सलत राहिला. २००७ साली व्हॅटिकनच्या ईश्वरविद्या आयोगानं, त्यांच्या तारणाची आशा धरायला जागा आहे, असं म्हटलं.

मराठीत ही कथा फार लवकर आली. थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. त्यातल्या पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती आणि आदामाचं पतन येतं, आणि स्वर्गासाठी चक्क ‘वैकुंठ’ शब्द येतो. बडोद्यात हे सगळं दुसऱ्या वाटेनं पोचलं. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदा कॉलेजात अल्बन विजरी हे इंग्रज प्राध्यापक तुलनात्मक धर्माभ्यास शिकवत. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९२२ साली इथूनच निघालं. आणि इथलं मेथडिस्ट चर्च ज्या जॉन वेस्लीला मानतं, त्यानं १७५७ साली मूळ पापाच्या समर्थनार्थ जाडजूड ग्रंथ लिहिला होता. पण त्यातल्या निराशेला त्यानं एक खिडकी ठेवली: माणूस देवाकडे वळण्याआधीच देवाची कृपा प्रत्येकात काम करू लागलेली असते.

एवढं वाचून झाल्यावर मी सहकाऱ्याला विचारलं, आदामाला सर्पानं बिघडवलं, सर्पाला सैतानानं; मग सैतानाला कुणी? ऑगस्टीनपाशीही याचं कारण नाही. वाईट इच्छेचं मूळ शोधणं म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहायला किंवा शांतता कानांनी ऐकायला जाणं, असं तो लिहितो. सहकाऱ्यानं उलट विचारलं, तुमच्यात कर्माचं पहिलं पाऊल कुणी टाकलं? मी ब्रह्मसूत्रांचा आधार घेतला: संसार अनादी आहे, पहिलं कर्म असं नाहीच.

‘म्हणजे तमनेय खबर नथी,’ म्हणाला, आणि डबा धुवायला उठला.